वाचलेला वेळ झालरीत गेला

१/ शिलाई मशीनचा इतिहास बहुधा एकाच सुरात सांगितला जातो : यंत्र आले, सुईचे कष्ट सरले, स्त्रियांचा वेळ वाचला. या विधानाची परीक्षा पाहायची असेल, तर पोशाखाच्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या भागाकडे वळावे लागते. तो भाग म्हणजे झालर. आजच्या शिंप्याच्या भाषेत 'फ्रिल'.

२/ झालरीची कृती साधी आहे. कापडाची लांब पट्टी कापायची, तिच्या वरच्या कडेला धावदोरा घालायचा, दोरा ओढून पट्टी निम्म्या लांबीत आणायची आणि चुण्या सारख्या पसरून ती झग्याला जोडायची. कृती साधी असली तरी श्रम थोडे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील युरोपीय झग्याचा घेर ४ मीटर धरला, तर एका झालरीला ८ मीटर पट्टी लागते. खालची कड दुमडण्यासाठी ८ मीटर, धावदोऱ्याच्या दोन ओळींसाठी १६ मीटर आणि जोडणीसाठी ४ मीटर, अशी एकूण २८ मीटर शिवण होते. तीन थरांची झालर असेल तर ८४ मीटर. आणि हे सारे हाताने, टाक्यामागून टाका.

३/ एलियास हाउ यांना अमेरिकेत शिलाई मशीनचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले, आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये. १८६० च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन या मशीन बनवणाऱ्या कंपनीने एक तुलना प्रसिद्ध केली : पुरुषाचा एक सदरा हाताने शिवण्यास १४ तास २६ मिनिटे, मशीनवर १ तास १६ मिनिटे. आकडे विक्रेत्याचे आहेत, म्हणून ते सावधपणेच वाचावेत. पण वेग कित्येक पटींनी वाढला हे निर्विवाद आहे. पुढे चुण्या पाडणारा जोडभागही आला. त्याचे दातेरी पाते कापड सुईखाली ढकलते आणि टाक्याबरोबरच चुणी पडते.

४/ मग वाचलेले तास गेले कोठे? १८७० च्या दशकातील झगे पाहिले की उत्तर सापडते. झालरीवर झालर, तिच्यावर पट्ट्या, पट्ट्यांच्या कडेला पुन्हा चुण्या. झालरींची हौस यंत्राने निर्माण केली नाही. थरांचे झगे मशीनचा प्रसार होण्यापूर्वीही होते. परंतु त्या हौसेला श्रमाचा जो लगाम होता, तो यंत्राने सैल केला. टाका स्वस्त झाला, तशी टाक्यांची मागणी वाढली.

५/ या मागणीची किंमत कोणी मोजली? जून १८६३ मध्ये लंडनमधील एका प्रतिष्ठित शिवणगृहात मेरी अ‍ॅन वॉकली ही २० वर्षांची कामगार मरण पावली. वेल्सच्या नव्या राजवधूच्या सन्मानार्थ होणाऱ्या नृत्यसमारंभासाठी झगे तातडीने हवे होते. साठ मुलींसह, एकेका खोलीत तीस जणी, अशा अवस्थेत तिने सलग साडेसव्वीस तास काम केले होते. कार्ल मार्क्स यांनी 'भांडवल' या ग्रंथाच्या १८६७ च्या पहिल्या खंडात या मृत्यूची नोंद घेतली. हाउ यांच्या पेटंटला तेव्हा १७ वर्षे झाली होती.

६/ हा मृत्यू मशीनमुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण यंत्राच्या आगमनाने कष्ट सरले, हे विधानही त्यापुढे टिकत नाही. मजुरी नगावर असेल, तर वाढलेला वेग कामगाराच्या विश्रांतीत जमा होत नाही. नगाचा दर उतरतो आणि नगांची संख्या चढते. सिंगर कंपनीने १८५६ पासून हप्त्यांवर विक्री सुरू केली, तेव्हा मशीन अनेक घरांच्या आवाक्यात आले; मात्र घरी बसून नगावर शिवणाऱ्या बाईच्या मिळकतीला हप्त्याचीही गाठ पडली. १८८८ ते १८९० या काळात शिवणकामासह अशा पिळवणुकीच्या धंद्यांची चौकशी ब्रिटिश हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीला करावी लागली, ती उगाच नव्हे.

७/ दुसरी बाजूही नोंदवलीच पाहिजे. स्वतःच्या मुलांचे कपडे घरीच शिवणाऱ्या बाईच्या रात्री मशीनने खरोखर मोकळ्या केल्या. तिला चौथी झालर लावण्याची सक्ती नव्हती. फरक यंत्रात नव्हता; वाचलेल्या वेळेवर कोणाचा हक्क होता, यात होता.

८/ आजच्या ओव्हरलॉक मशीनमध्ये कापड सरकवणाऱ्या दात्यांचे दोन संच असतात. पुढचा संच मागच्यापेक्षा वेगाने चालवला, की कापड सुईजवळ गोळा होते. चुणी पाडणे, कड कापणे आणि कड बांधणे एकाच फेरीत उरकते. तरीही निसटते मऊ कापड सुईपर्यंत सरळ नेणारे हात बहुधा माणसाचेच असतात.

९/ म्हणून तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखेपाशी थांबवणे चुकीचे आहे. यंत्राने किती तास वाचवले, एवढ्यावर तो पूर्ण होत नाही. ते तास पुढे कोणाच्या पदरात पडले, हेही त्याला सांगावे लागते. संग्रहालयातील झालरींचा झगा पाहताना त्याचे सौंदर्य जरूर पाहावे. त्यानंतर एकदा त्याच्या शिवणीचे मीटरही मोजावेत.