घास भरवणारा समाज

पक्षाघाताने उजवी बाजू गेलेल्या सासूला सून घास भरवते आणि सगळी भावकी तिचे गुण गाते. त्याच सासूला डाव्या हाताने जेवायला शिकवावे, जाड मुठीचा चमचा द्यावा, ताट सरकू नये म्हणून खाली रबरी तुकडा घालावा आणि सांडले तरी अर्धा तास धीर धरावा, हे कुणाला सुचत नाही. सुचलेच एखादीला, तर तिला आपण निष्ठुर ठरवू. आपण अपंगांची सेवा करतो, पण त्यांना स्वतःच्या हाताने जगू देत नाही, हा या समाजावर माझा आरोप आहे. भरवणाऱ्याच्या पदरी पुण्य पडते आणि जेवणाऱ्याचा हात पडून राहतो.

तो हात कामाला लावण्याचे शास्त्र आहे: व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. लुळा हात बाहीत आधी घालायचा आणि सदरा काढताना शेवटी काढायचा, एवढ्या एका युक्तीने माणूस कुणाला हाक न मारता कपडे घालू लागतो. भाजलेली बोटे आखडू नयेत म्हणून स्प्लिंट घडवणे, पेन्सिल न धरता येणाऱ्या मुलाची पकड बसवणे, मनोरुग्णाच्या विस्कटलेल्या दिवसाला पुन्हा क्रम लावणे, हे सारे त्यात येते. त्यासाठी शरीररचना, मज्जासंस्था, मानसशास्त्र, बालविकास असे सारे शिकावे लागते.

हे शिक्षण आपल्याकडे आणले ते अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी यांनी. लग्नानंतर त्या कमला निंबकर झाल्या. भारतातले व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय त्यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात उभे केले. 1952 मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. इतकी जुनी, इतकी आपली परंपरा! आणि आज ‘नीट’च्या निकालानंतर घरोघरी काय चालते? एमबीबीएस हुकले, बीडीएस हुकले, आयुर्वेदही हुकले, मग नाइलाजाने हा अभ्यासक्रम. मुलीने तो आपणहून निवडला, तर नातेवाईक विचारतात, ‘‘म्हणजे मालिश करणार का?’’

या प्रश्नामागे आपला जुना रोग आहे. लांबून औषध लिहून देणारा हात आपल्याला श्रेष्ठ वाटतो. दुसऱ्याच्या अंगाला लागणारा, त्याला शौचाला बसायला आणि स्वतःला स्वच्छ करायला शिकवणारा हात हलका वाटतो. ज्या मनाने शतकानुशतके माणसांची उतरंड रचली, तेच मन आज पदव्यांची उतरंड रचते आहे. पांढरा कोट आला म्हणून ते शुद्ध झालेले नाही. मग शिकलेली मुले परदेशी गेली, की आपण त्यांच्या देशप्रेमावर बोट ठेवतो. इथे त्यांना मान किती दिला, हे कोणी विचारावे?

दिव्यांग हक्क कायद्याने 2016 मध्ये अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. अध्ययन अक्षमताही त्यात आहे. तरी अक्षर वेडेवाकडे म्हणून मुलाला वर्गात उभे केले जाते आणि पालक शिक्षकाचीच बाजू घेतात. गावाला सभामंडप हवा असला, की पन्नास माणसे आमदाराच्या दारात उभी राहतात. तालुक्याच्या रुग्णालयात व्यवसायोपचार तज्ज्ञाचे पद द्या, असे मागायला गेलेले एकही शिष्टमंडळ माझ्या पाहण्यात नाही.