पाण्याच्या करारात मासा कुठे आहे?

भारत आणि बांगलादेश यांच्यातील गंगाजल वाटप कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपत आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी एच. डी. देवेगौडा आणि शेख हसीना यांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या, त्या वेळी ज्योती बसू यांच्या मध्यस्थीची बरीच वाखाणणी झाली होती. आता नूतनीकरणाविषयी जे काही बोलले जाते, ते सारे क्युसेकच्या भाषेत: कोणाला किती, कोणत्या महिन्यात, किती दिवस. शासकीय सेवेत हयात गेलेल्या माझ्यासारख्याला ही भाषा परकी नाही. परंतु या वाटपाचा एक तिसरा पक्षकारही आहे आणि त्याचे नाव करारात कोठेही नाही. तो म्हणजे इलिश, मराठी किनाऱ्यावर ज्याला पाला म्हणतात तोच मासा.

इलिश समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात, प्रवाहाच्या विरुद्ध चढत जातो. त्याला दिशा दाखविणारा नकाशा म्हणजे नदीचा प्रवाहच. पावसाळ्यातील गढूळ, वेगवान, गोड्या पाण्याचा लोंढा मुखापाशी पोहोचला की मासा वळतो. फ्रान्सिस ब्यूकॅनन-हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात इलिशची शास्त्रीय नोंद झाली. पुढे दीडशे वर्षे हा मासा अलाहाबादपर्यंत आणि यमुनेतून आग्र्यापर्यंत जात असे. बक्सर आणि पाटण्याच्या मच्छीमारांचा तो हंगामी आधार होता. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि काही वर्षांतच वरच्या गंगेतील इलिश जवळजवळ संपला.

फराक्का हे रूढ अर्थाने धरण नव्हे. सव्वादोन किलोमीटर लांबीचा, १०९ दरवाज्यांचा तो बंधारा आहे. कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा म्हणून ४० हजार क्युसेक पाणी ३८ किलोमीटरच्या कालव्यातून भागीरथी-हुगळीत वळवायचे, हे त्याचे प्रयोजन. पश्चिम बंगालचे अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी बांधकामापूर्वीच या योजनेला उघड विरोध केला होता. हेतू साधणार नाही, वरच्या अंगाला गाळ साचेल आणि पूर वाढतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्याबद्दल त्यांच्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली. आज बंदर गाळ काढण्याच्या यंत्रांवर तगून आहे आणि बिहारच्या मुख्यमंत्रिपदावरून नितीशकुमार यांनी २०१६ मध्ये बंधाराच काढून टाका, अशी मागणी केली होती. अर्थात बंधारा काढणे हे घोषणेइतके सोपे नाही. आज कोलकात्याच्या पिण्याच्या पाण्याचा गोडवाही याच विसर्गावर अवलंबून आहे. बेहालाच्या नळाला येणारे पाणीही शेवटी हुगळीचेच.

विसर्गाच्या वेळापत्रकाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. करार जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांपुरता आहे. फराक्काला ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल तर निम्मे-निम्मे. त्याहून अधिक आणि ७५ हजारांपर्यंत असेल तर बांगलादेशास ३५ हजार आणि उरलेले भारतास. त्यापुढे भारतास ४० हजार आणि उरलेले बांगलादेशास. ११ मार्च ते १० मे या काळात दर दहा दिवसांआड एकेका देशाला ३५ हजार क्युसेकची हमी. टंचाईत दोघांनाही काही निश्चिती मिळावी म्हणून अभियंत्यांनी काढलेला हा तोडगा आहे आणि राजनयाच्या दृष्टीने तो वाखाणण्याजोगा आहे. नदीच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की, पाणी कमी असेल त्या वर्षी दर दहा दिवसांनी एका पात्रातले पाणी चढते तेव्हा दुसऱ्यातले उतरते आणि पुढच्या दहा दिवसांत उलट होते. नेमक्या याच महिन्यांत इलिशची पिल्ले समुद्राकडे परतण्यापूर्वी नदीत वाढत असतात. त्यांचे उथळ पाण्यातील चराऊ पट्टे कधी ओले, कधी उघडे. कराराच्या मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा मत्स्यशास्त्राचे हे साधे टिपण कोणाच्या फाइलीत होते, असे मला वाटत नाही. पाणी एका खात्याकडे, मासा दुसऱ्याकडे, बंदर तिसऱ्याकडे. ही विभागणी नदीने केलेली नाही.

धरण बांधणाऱ्यांना हे इतरत्र शिकता आले नाही असे नाही. आमच्या दामोदर खोरे महामंडळाचा (स्थापना १९४८) नमुना अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरण हा होता; त्याचा आराखडाही तेथीलच अभियंता डब्ल्यू. एल. वुर्दुइन यांनी केला. टेनेसीत नॉरिस धरण १९३६ मध्ये पूर्ण झाले. जलाशयाच्या तळातून सुटणारे पाणी थंड आणि प्राणवायूत कमी. मूळचे मासे त्यात टिकले नाहीत, म्हणून थंड पाण्यातील ट्राउट सोडण्यात आला. पण विजेची मागणी असेल तेव्हाच जनित्रे चालत. त्यामुळे काही तासांत नदी भरून वाही आणि काही तासांत गोटे उघडे पडत. ट्राउट ज्या किड्यांवर जगतो ते मरत, गळ टाकणारे हात हलवीत परतत. त्यांनी तक्रारी केल्या आणि त्या ऐकल्या गेल्या. १९९० च्या दशकात प्राधिकरणाने सोळा धरणांखाली किमान प्रवाह आणि प्राणवायू राखण्याची व्यवस्था केली. नॉरिसखाली एक बुटका बांध घातला, जेणेकरून जनित्रे थांबली तरी नदी ओली राहावी. विसर्गाचे वेळापत्रक आधी जाहीर होऊ लागले. आम्ही टेनेसीची धरणे उचलली, त्यांचे नंतरचे शहाणपण उचलले नाही.

दामोदर खोऱ्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार धरणे १९५३ ते १९५९ दरम्यान झाली. त्यांच्या विसर्गाची चर्चा आमच्याकडे फक्त पुराच्या वेळी होते. सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण बंगाल बुडाला, मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी त्याला मानवनिर्मित पूर म्हटले आणि राज्याच्या अधिकाऱ्यांनी महामंडळाच्या मंडळाचे व जलाशय नियमन समितीचे राजीनामे दिले. रागाचे कारण समजते. पण जी समिती विसर्ग ठरविते तिच्यातून बाहेर पडून विसर्गावर वचक कसा बसतो, हे मला उमगलेले नाही. दामोदरचे पुराचे पाणी बव्हंशी मुंडेश्वरीमार्गे रूपनारायणला मिळते. त्या रूपनारायणच्या काठी कोलाघाट आहे. तेथील इलिश एके काळी पद्मेच्या तोडीचा समजला जाई.

बेहालाच्या बाजारात आज इलिश विचारला तर विक्रेता पद्मेचा, डायमंड हार्बरचा, म्यानमारचा बर्फातला, अशी नावे सांगतो. अलीकडे गुजरातचाही येतो. दुर्गापूजेच्या सुमारास ढाका सरकार निर्यातीला मर्यादित परवानगी देते, ती २०२४ मध्ये आधी ३ हजार टनांची जाहीर झाली आणि मग २,४२० टनांवर आली. त्यावर आमच्या वृत्तपत्रांत परराष्ट्र धोरणाचे अग्रलेख निघतात. गुजरातच्या माशाची कथाही सुखाची नाही. भरूचला नर्मदेच्या मुखाशी इलिश धरणारी मोठी वस्ती आहे. सरदार सरोवरातून खाली ६०० क्युसेक पाणी सोडले जाई, त्यात समुद्राची भरती नदीत खोलवर शिरू लागली. २०१९ मध्ये विसर्ग १,५०० क्युसेक करण्यात आला. मच्छीमारांची मागणी त्याहून कितीतरी अधिक होती. नर्मदेवरून महाराष्ट्रात, मध्य प्रदेशात एवढी आंदोलने झाली, विस्थापितांचा प्रश्न देशभर गेला. परंतु धरणाखालचे विस्थापित, म्हणजे ज्यांचे घर जागेवर राहिले आणि नदी गेली, ते कोणत्याही यादीत बसले नाहीत. बिहारमध्ये १९८२ मध्ये कहलगावला सुरू झालेल्या गंगा मुक्ती आंदोलनाने मात्र पाण्यावरील जमीनदारीबरोबर फराक्कामुळे घटलेल्या माशांचाही प्रश्न मांडला होता.

सगळा दोष बंधाऱ्यावर टाकणे सोयीचे असले तरी खरे नाही. तेवीस सेंटिमीटरहून लहान इलिश पकडणे बंगालमध्ये निषिद्ध आहे, जाळ्याच्या आसाचे माप ठरलेले आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरात बंदीचा काळ आहे, २०१३ पासून नदीत राखीव पट्टेही आहेत. तरी खोका इलिश, म्हणजे पिल्ले, बाजारात उघड विकली जातात आणि आम्ही मध्यमवर्गीय ती स्वस्तात विकतही घेतो. बांगलादेश या बाबतीत कठोर आहे. तेथे बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांना तांदूळ दिला जातो आणि त्याचे फळ उत्पादनात दिसले आहे. पण पिल्लू वाचविणे एका देशाच्या हाती असले, तरी नदी वाचविणे दोघांच्या हाती आहे.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. फराक्काच्या मूळ रचनेत माशांसाठी वाट होती, ती निरुपयोगी ठरली. नव्या जलवाहतूक कुलूपाचे दरवाजे रात्री १ ते पहाटे ५ या वेळेत माशांसाठी उघडे ठेवण्याची योजना २०१९ मध्ये जाहीर झाली. बॅरकपूरची केंद्रीय संस्था बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला इलिश सोडते आणि काहींना खूणपट्टी लावून मागोवा घेते. हे काम मोलाचे आहे. तथापि माशाला ट्रकने वर नेऊन सोडले, तरी परतताना त्याच्या पिल्लांना पाणी हवेच.

ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने केंद्राने गंगेचा किमान पर्यावरणीय प्रवाह ठरविला. भीमगोड्यापाशी पावसाळ्याबाहेर सेकंदाला ३६ घनमीटर, कानपूरला २४. अधिसूचना उन्नावला संपते. तेथून फराक्का आणि समुद्रापर्यंतची गंगा तिच्या कक्षेत येत नाही. ढाक्याशी बोलणी करण्यापूर्वी हे कलम दिल्लीला स्वतःच दुरुस्त करता येईल, त्यासाठी कोणाच्या संमतीची गरज नाही. दुसरे काम कराराच्या संयुक्त समितीचे. फराक्का आणि हार्डिंज पूल येथे ती रोजचा प्रवाह मोजतेच. त्या नोंदींशेजारी पिल्लांच्या नोंदीचा एक रकाना आणि समितीत दोन्ही देशांचा एकेक मत्स्यशास्त्रज्ञ, एवढी भर घालता येईल. दहा-दहा दिवसांचे आवर्तन एकदम बदलण्याऐवजी दरवाजे टप्प्याटप्प्याने हलवावेत, हे त्यांना अभियंत्यांना सांगता येईल. पश्चिम बंगाल सरकारने जून २०२४ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून राज्याला विश्वासात घेतल्याशिवाय करार करू नये असे कळविले आहे. मागणी रास्त आहे. पण राज्याने आपल्या मागण्यांच्या यादीत धूप आणि बंदराबरोबर मुर्शिदाबाद, हुगळी आणि दक्षिण २४ परगण्यातील मच्छीमारांचे पाणी लिहिले आहे का, हे राज्याच्या सचिवालयाला कोणीतरी विचारायला हवे.