तक्रारदाराचे नाव

रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात, तरी चौकातील कर्णे थांबलेले नसतात. जवळच्या चाळीत एक वृद्ध रुग्ण कूस बदलीत असतो. दहावीच्या परीक्षेस बसलेली मुलगी पुस्तक मिटून कानांवर उशी दाबून धरते. घराघरांतून एकच वाक्य ऐकू येते, "कोणी तरी जाऊन सांगावयास हवे." परंतु जात कोणीच नाही.

नियम नाहीत, असे मुळीच नव्हे. केंद्र शासनाच्या सन २००० च्या नियमांप्रमाणे निवासी विभागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल एवढी आहे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. केवळ सणसमारंभांसाठी, वर्षातून फार तर १५ दिवस, राज्य शासनास मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. मर्यादा १० डेसिबलांनी ओलांडली गेली, अथवा रात्रीची बंदी मोडली गेली, की कोणाही नागरिकास तक्रार करता येते. दहा हा आकडा लहान दिसतो खरा. पण तेवढ्याने ध्वनीची तीव्रता दसपट होते आणि कानांस तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो.

अडचण येते ती पुढे. रस्त्यावरील मंडपास परवानगी देते नगरपालिका, ध्वनिक्षेपकास देतात पोलीस. त्यामुळे पालिकेकडे गेलेल्या माणसास पोलीस ठाण्याची वाट दाखविली जाते. तेथे प्रथम त्याचे नाव विचारले गेले, की तो कचरतो. नाव चौकात पोहोचण्यास कितीसा वेळ लागणार? ज्या शेजाऱ्यांच्या सोबतीने जन्म काढावयाचा, त्यांच्याच दृष्टीने तो उत्सवाचा वैरी ठरतो. वास्तविक सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तेव्हा विजेचे कर्णे नव्हते. तरीही मेळ्यांना आणि व्याख्यानांना लोकांची रीघ लागत असे.

मुंबई उच्च न्यायालयाने ही भीती ओळखली. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, आणि ती कळलीच तर आवाज करणाऱ्यास सांगू नये, असे न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. हे सर्वथा योग्य झाले. अशाने खोट्या तक्रारी वाढतील, असा आक्षेप कोणी घेईल. पण चोरीच्या तपासास साक्षीदार लागतो, तसा येथे लागत नाही. आवाज जागेवर जाऊन मोजता येतो. यंत्राने ४५ दाखविले तर तक्रार तेथेच संपली. ८० दाखविले तर ती कोणी केली याला काय महत्त्व? म्हणून प्रत्येक ठाण्यात आवाज मोजण्याचे यंत्र आणि ते वापरता येणारा शिपाई असलाच पाहिजे. तो चौकात येतो, आकडा पाहतो, वेळेसह नोंदवून घेतो आणि कर्णे बंद करवितो. कोणत्या खिडकीतून दूरध्वनी गेला, हे पाहण्यासाठी त्याला मान वर करण्याचेही कारण पडत नाही.