विश्लेषण : जुन्या बुलेटच्या इंजिनात नव्या मॉडेलचे भाग चालतात का?

कास्ट आयर्न ‘बुलेट ३५०’चा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. नंतरच्या यूसीई इंजिनाचेही माप तेच, ३४६ सीसी. म्हणून भागही एकमेकांना चालतील, असा समज होतो. तो महागात पडू शकतो.

फरक कुठे?
जुन्या इंजिनाला गिअरबॉक्स वेगळा, यूसीईमध्ये तो इंजिनातच. जुन्याचे टॅपेट हाताने सेट करावे लागतात, नव्याचे हायड्रॉलिक. शिवाय अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगते. त्यामुळे लोखंडी बोअरमध्ये अॅल्युमिनियमच्या पिस्टनभोवती पुरेशी फट लागते. ती कमी पडली तर इंजिन सीज होते आणि धावत्या गाडीचे मागचे चाक लॉक होऊ शकते.

मग जुळवाजुळव करूच नये?
मूळ भाग मिळत नसतील तर करावी. पण ‘बसतोय ना, मग झालं’ हा निकष नव्हे. बोअर गेज आणि मायक्रोमीटरने माप घ्यावे, पार्ट नंबर ताडून पाहावा. क्रँककेस बदलल्यास इंजिन नंबरही बदलतो. त्याची आरटीओकडे नोंद हवी. रिस्टोरेशनच्या बिलावर रंग-क्रोमच्या खर्चाआधी ही मापे लिहिलेली असावीत.