वय पाहून राखण

लहान मुलांचे अपघात नशिबाने घडतात, ही समजूत पवनार गावाने आता सोडून द्यावी. वय बदलले की अपघाताची जागा बदलते, आणि ती बहुधा आधीच सांगता येते. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचा धोका घरातच असतो: खाली ठेवलेले आधणाचे पातेले, पाण्याच्या बाटलीत भरलेले फवारणीचे औषध, न्हाणीतली भरलेली बादली. या वयात डोके अंगाच्या मानाने जड असते. बादलीत वाकलेले मूल डोक्यावर जाते, त्याला वर उठता येत नाही, ओरडताही येत नाही. वीतभर पाणी पुरते. शाळकरी वयात धोका अंगणाबाहेर जातो: गच्ची, रस्ता, कठडा नसलेली विहीर आणि प्लास्टिक अंथरलेले शेततळे, ज्याच्या निसरड्या उतारावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. दहा-बारा वर्षांपुढे धाम नदी खुणावू लागते. काठाशी टोंगळ्याभर असलेले पाणी दोन पावलांवर डोक्यावर जाते, हे त्या वयाला पटत नाही.

सेवाग्राम आणि सावंगी ही दोन वैद्यकीय महाविद्यालये पवनारपासून फार दूर नाहीत. भाजलेल्या किंवा औषध प्यायलेल्या मुलासाठी हे मोठे भाग्य आहे. बुडणाऱ्या मुलाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. प्राणवायूविना मेंदू चार-पाच मिनिटांतच निकामी होऊ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. या मृत्यूंवर उपाय दवाखान्यात नाही, अंगणात आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आईबापांनी लक्ष द्यावे. पण कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी वावरात गेलेली आई संध्याकाळी परतते, आणि मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली असते. त्या बहिणीलाच अजून राखणीची गरज आहे. बांगलादेशाने हा प्रश्न आईला दोष न देता सोडवला. तिथे गावोगावी सकाळी नऊ ते एक लहान मुले सांभाळणारी ‘आँचल’ केंद्रे सुरू झाली, कारण बुडण्याच्या घटना त्याच वेळेत, आया कामात असताना, जास्त घडत होत्या. केंद्रात येणाऱ्या मुलांचे बुडून मरण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. आया त्याच होत्या, व्यवस्था नवी होती. दुसरा आक्षेप असा की, पडल्याशिवाय मूल शिकत नाही. खरे आहे, गुडघा फुटू द्यावा, झाडावर चढू द्यावे. विहिरीत पडलेल्याला शिकायची दुसरी संधी मिळत नाही, एवढाच फरक आहे. आणि मोठ्या मुलांना नदी बंद करणे हा उपाय नव्हे. ती चोरून जातील. त्यांना पोहायला आणि बुडणाऱ्याला दोर फेकायला शिकवणे हाच उपाय.

उरतो पैशाचा मुद्दा. अंगणवाडी गावोगावी आहे, पण तिचे शिकवणे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभराची राखण नाही. म्हणजे बादलीत पडण्याच्या वयाचे मूल नेमके व्यवस्थेबाहेर राहते. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय आहे. पवनारच्या ग्रामसभेने त्यासाठी ठराव करावा, सेविकेवर फुकटचा बोजा न टाकता वेगळी मदतनीस मागावी, आणि वेचणी सुरू होण्याआधी गावातली प्रत्येक उघडी विहीर व शेततळे मोजून त्यांना कुंपण घालावे.