सुपरमॅनचा शाप

सुपरमॅनची भूमिका करणाऱ्या नटाचे पुढे भले होत नाही, अशी एक समजूत हॉलिवूडच्या चाहत्यांत फार वर्षांपासून रूढ आहे. पुराव्यादाखल दोन नावे हमखास पुढे केली जातात. अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुपरमॅन रंगवणारा जॉर्ज रीव्ह्‌ज १६ जून १९५९ रोजी राहत्या घरी गोळी लागून मरण पावला. चौकशीत ती आत्महत्या ठरली. १९७८ च्या चित्रपटातला ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ च्या मे महिन्यात घोड्यावरून पडला आणि मानेखाली लुळा झाला. त्यात दोघांची आडनावे जवळजवळ सारखी. मग काय विचारता? शाप सिद्धच झाला!

मला ही समजूत खोटी तर वाटतेच, पण त्याहून अधिक सोयीची वाटते. शाप म्हटला की कोणालाच जाब विचारावा लागत नाही. घोड्यावरून पडणे हा अपघात होय. त्यात गूढ काही नाही. परंतु चित्रकथांतले नायक रंगवणाऱ्या कितीतरी जुन्या नटांच्या वाट्याला जे आले, तो अपघात नव्हता. तो धंद्याचा व्यवहार होता, आणि त्यात प्रेक्षकही भागीदार होते.

हा व्यवहार कसा चालतो, हे कर्क अ‍ॅलिनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने सुपरमॅनवर पंधरा भागांचा मालिकापट काढला. दर आठवड्याला एक भाग दाखवायचा आणि नायकाला संकटात सोडून पोरांना पुढच्या आठवड्यापर्यंत तिष्ठत ठेवायचे, असा तो प्रकार. त्यात सुपरमॅन झाला होता अ‍ॅलिन. पण जाहिरातीत त्याचे नाव नव्हते. योग्य नट मिळेना म्हणून खुद्द सुपरमॅनलाच कामाला घेतले आहे, असा कंपनीने गाजावाजा केला! मुलांना ही थाप आवडली असेल. पण काम करायचे नटाने आणि नाव व्हायचे पोशाखाचे, हा न्याय कोणता? १९५० मध्ये त्याने दुसरा सुपरमॅन-मालिकापट केला, १९५२ मध्ये ‘ब्लॅकहॉक’ केला आणि मग कामे आटत गेली. १९७१ मध्ये त्याने आपले आत्मचरित्र पदरमोड करून छापले. त्याच्या नावातही सुपरमॅन होताच.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण टॉम टायलरचे. १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आपल्याकडे घरोघर पोचला. मराठीतही तो वाचला गेला. या वेताळाला, म्हणजे मूळच्या फँटमला, पडद्यावर प्रथम देह दिला तो टायलरने, १९४३ मध्ये. त्याआधी १९४१ मध्ये तोच कॅप्टन मार्व्हलही झाला होता. पिळदार अंगाचा, वजने उचलण्यात तरबेज असा हा गडी पुढे अवयव आखडवणाऱ्या दुखण्याने जर्जर झाला, किरकोळ भूमिकांवर आला आणि १९५४ मध्ये वयाच्या पन्नाशीत गेला. चित्रकथेतला वेताळ मात्र मरत नाही. बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो. चित्रपटधंद्याने ही कल्पना अगदी शब्दशः अमलात आणली, असे म्हणायला हवे. एक माणूस थकला की दुसरा आणावा. मुखवटा कंपनीच्या मालकीचा, माणूस बदलता.

येथेच खरी मेख आहे. पात्राला नवा चेहरा मिळतो. त्या चेहऱ्याच्या माणसाला नवे पात्र मिळत नाही. जॉर्ज रीव्ह्‌ज १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये लहानशा भूमिकेत का होईना, दिसला होता. सुपरमॅनचे १०४ भाग झाल्यावर त्याला दुसऱ्या कोणत्या भूमिकेत पाहायला लोक तयार होईनात. १९६६ चा बॅटमॅन, अ‍ॅडम वेस्ट, याचीही गत तीच झाली. मालिका १९६८ मध्ये बंद पडली आणि पोशाख चढवून प्रदर्शनांतून मिरवणे हे त्याचे उपजीविकेचे साधन झाले. पुढे त्याने स्वतःचीच थट्टा करण्याचा मार्ग पत्करला. ‘फॅमिली गाय’ या व्यंगपट-मालिकेत ‘अ‍ॅडम वेस्ट’ नावाच्याच विक्षिप्त महापौराला त्याने आवाज दिला. २०१७ मध्ये तो वारला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या नगरभवनावर वटवाघळाचे चिन्ह प्रकाशात झळकवण्यात आले. श्रद्धांजलीही पोशाखालाच!

कोणी म्हणेल, ‘नटाने राजीखुशीने भूमिका घेतली, पैसे घेतले, मग तक्रार कशाची? शिवाय काहींचे चांगलेही झाले.’ झाले, हे मी मान्य करतो. १९३६ चा फ्लॅश गॉर्डन, बस्टर क्रॅब, हा १९३२ च्या ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता जलतरणपटू होता. पडद्याबाहेर त्याला पोहण्याचा आधार राहिला. रीव्ह्‌जच्या मालिकेत जिमी ओल्सन झालेला जॅक लार्सन अभिनय सोडून लेखनाकडे वळला आणि व्हर्जिल थॉमसनच्या ‘लॉर्ड बायरन’ या ऑपेराची संहिता त्याने लिहिली. लोइस लेन झालेली नोएल नील तर पंचाण्णव वर्षे जगली. शापाची गोष्ट येथेच कोसळते. पण ही उदाहरणे नीट पाहा. क्रॅब आणि लार्सन तरले, कारण त्यांच्या हाती दुसरी विद्या होती. ज्याच्यापाशी अभिनयाखेरीज काही नाही, त्याने काय करावे? नटाने नट म्हणूनच जगू इच्छिणे हा गुन्हा आहे काय?

आणि राजीखुशीचे म्हणाल, तर सुपरमॅनचे निर्माते सीगल आणि शुस्टर यांनीही राजीखुशीनेच १९३८ मध्ये सारे हक्क १३० डॉलर्सना विकले होते. गरजवंताची राजीखुशी किती, हे आपण सारे जाणतो.

ख्रिस्तोफर रीव्हबद्दल मला विशेष आदर वाटतो. १९७८ च्या चित्रपटाच्या नामावळीत ब्रँडो आणि हॅकमन यांची नावे वर होती, सुपरमॅन झालेल्या रीव्हचे त्यांच्या खाली. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीतून त्याने चित्रपट दिग्दर्शित केला, अभिनय केला, मज्जारज्जूच्या दुखापतींवरील संशोधनासाठी पैसा उभा केला. २००४ मध्ये तो गेला. त्याचे नाव पोशाखापेक्षा मोठे झाले, पण त्यासाठी केवढी किंमत पडली!

त्याच चित्रपटात कर्क अ‍ॅलिन आणि नोएल नील यांना आगगाडीतल्या एका छोट्या प्रसंगात घेतले होते. ती दोघे लोइस लेनचे आईबाप झाली होती. प्रदर्शित झालेल्या प्रतीत तो प्रसंग जवळजवळ कापलाच गेला. पुढे निघालेल्या लांब प्रतीत तो परत आला.

आज असे चित्रपट दर वर्षी येतात आणि नामांकित नट त्यांत आनंदाने उतरतात. त्यांची काळजी आपण करण्याचे कारण नाही. पण चित्रपट संपून नामावळी सुरू झाली की आपण खुर्च्या वाजवत उठतो, ते मात्र थांबवता येईल. मुखवट्यामागे कोण होते, त्याने आणखी काय काम केले आहे, एवढे विचारावे आणि त्याचे ते दुसरे कामही पाहावे. नटाला वेगळ्या भूमिकेत पाहण्याची तयारी प्रेक्षकाने दाखवली, तर कोणत्याही शापाचे नाव घ्यावे लागणार नाही.