अमेरिकेंतील शाळा व मध्यवर्ती सरकारचा पैसा

गेल्या सहामाहींत नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "अमेरिकेंत शिक्षणखातेंच बंद करणार म्हणतात, मग तेथील शाळा कोण चालविणार?" प्रश्न सरळ होता, उत्तर तितकें सरळ नाहीं. घंटा झाली म्हणून त्या दिवशीं मी सुटलों. वार्षिकांत थोडी जागा मिळाली आहे, तेव्हां तें ऋण येथें फेडतों. पालकवर्गानेंहि हा विषय वाचावा अशी इच्छा आहे. कारण शाळेची ग्रँट म्हणजे काय व ती लांबली म्हणजे काय होतें, हें आपल्याकडे कोणास निराळें सांगावयास नको.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेंतील शाळा वॉशिंग्टनहून चालत नाहींत. त्या देशाच्या घटनेंत शिक्षणाचा उल्लेखच नाहीं, आणि १७९१ सालच्या दहाव्या दुरुस्तीप्रमाणें जे अधिकार मध्यवर्ती सरकारला दिलेले नाहींत ते संस्थानांकडे अथवा लोकांकडे राहतात. (संस्थानें म्हणजे तेथील पन्नास घटक राज्यें, राजेरजवाडे मनांत आणूं नयेत.) अभ्यासक्रम ठरविणें, शिक्षक नेमणें, इमारत बांधणें हें सारें संस्थानाचें व गांवोगांवच्या स्कूल बोर्डाचें काम. खर्चाचा भारहि मुख्यतः त्यांच्यावरच; शंभर डॉलरांपैकीं सुमारें दहा डॉलर तेवढे मध्यवर्ती सरकारकडून येतात. मग एवढ्याशा वाट्यासाठीं एवढा गहजब कां? माझ्या मतें त्या दहा डॉलरांचें मोल सरासरीवरून कळत नाहीं. ते कोणत्या मुलापर्यंत पोंचतात हें पाहिलें म्हणजे कळतें.

टेक्सासमधील सॅन अँटोनियो ह्या एकाच शहरांतील दोन शाळाविभागांचा १९६७-६८ चा जमाखर्च तेथील सुप्रीम कोर्टाच्या निकालांत नमूद आहे. एजवुड हा विभाग गरिबांचा, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचा. अलामो हाइट्स हा सुखवस्तु लोकांचा. एजवुडच्या रहिवाशांनीं दर १०० डॉलर मालमत्तेमागें १ डॉलर ५ सेंट कर स्वतःवर बसवून घेतला होता, व शहराच्या टापूंत ह्याहून जड दर कोठेंच नव्हता. तरीहि त्यांतून प्रत्येक मुलामागें निघाले अवघे २६ डॉलर. अलामो हाइट्सनें ८५ सेंटांचा हलका दर लावून मिळविले ३३३ डॉलर. ज्यांनीं पोटाला चिमटा घेऊन अधिक दरानें कर भरला, त्यांच्या मुलांच्या पदरांत बाराव्या हिश्शाहूनहि कमी पडलें. कारण झोंपडीवर कर कितीहि वाढविला तरी ती झोंपडीच. संस्थानाचा वाटा दोघांनाहि जवळजवळ सारखा होता, २२२ व २२५ डॉलर. मध्यवर्ती सरकारचा पैसा मात्र एजवुडला १०८ डॉलर मिळाला आणि अलामो हाइट्सला ३६. विद्यार्थ्यांनीं ही बेरीज स्वतः करून पाहावी. एजवुडच्या मुलाच्या शिक्षणाचा शेंकडा तीस भाग वॉशिंग्टनहून आला होता, अलामो हाइट्सच्या मुलाचा शेंकडा सहा.

तेथील पालक डेमेट्रिओ रॉड्रिगेझ ह्यांच्या नांवानें कोर्टांत गेले. १९७३ सालीं सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, शिक्षण हा मध्यवर्ती घटनेनें दिलेला मूलभूत हक्क नव्हे. पुढें १९८९ सालीं टेक्सासच्याच वरिष्ठ कोर्टानें तेथील पद्धति संस्थानाच्या घटनेविरुद्ध ठरविली. परंतु तोंवर शाळेंत गेलेलीं मुलें बाप होऊन गेलीं होतीं.

एजवुडला ते १०८ डॉलर मिळूं शकले ह्याचें मोठें कारण १९६५ चा प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा कायदा. अध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनीं तारुण्यांत, १९२८ सालीं, टेक्सासमधील कोटुला गांवीं गरीब मेक्सिकन मुलांना शिकविलें होतें; उपाशी पोटीं वर्गांत येणारीं तीं मुलें त्यांच्या स्मरणांतून गेलीं नाहींत. ११ एप्रिल १९६५ रोजीं त्यांनीं ह्या कायद्यावर सही केली ती राजवाड्यासारख्या दिवाणखान्यांत नव्हे, तर लहानपणच्या शाळेजवळ, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारीं बसवून. ज्या विभागांत गरीब मुलें अधिक तेथें पैसा अधिक, हें त्या कायद्याचें सूत्र. त्याच्या आदल्या वर्षींच्या नागरिक हक्कांच्या कायद्यानें वर्णभेद करणाऱ्या संस्थेस मध्यवर्ती पैसा मिळूं नये असें ठरविलें होतें. १९५४ सालींच सुप्रीम कोर्टानें काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरविल्या होत्या. तरी दहा वर्षांनंतर दक्षिणेकडील अकरा संस्थानांत गोऱ्या मुलांशेजारीं बसणारीं काळीं मुलें शंभरांत दोन-तीनच होतीं. कोर्टाच्या हुकुमाला तिजोरीच्या किल्लीची जोड मिळाल्यावर मात्र तीं बंद दारें भराभर उघडूं लागलीं.

अपंग मुलांची कथा अशीच. १९७५ चा कायदा होण्यापूर्वीं दहा लक्षांहून अधिक अपंग मुलें सार्वजनिक शाळांच्या बाहेरच होतीं. कायद्यानें त्यांना हक्क दिला, आणि सरासरी दर मुलामागील खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत भार आपण उचलूं असें मध्यवर्ती सरकारनें म्हटलें. तें म्हणणें आजवर कधींहि पूर्ण झालें नाहीं. शाळेला मुलाला नाहीं म्हणतां येत नाहीं. मग उरलेला पैसा दुसऱ्या कोणत्या तरी वर्गाच्या खर्चांतून काढावा लागतो.

वॉशिंग्टनचा कारभार नेहमीं शहाणपणाचा असतो असें माझें म्हणणें नाहीं. २००२ सालच्या कायद्यानें असें फर्मान काढलें कीं, २०१४ पर्यंत देशांतील प्रत्येक मूल वाचन व गणितांत ठराविक पातळीस पोंचलेंच पाहिजे. शंभरांत शंभर! शिक्षकाचा धंदा केलेल्या कोणालाहि हंसूं येईल. परंतु ज्या शाळा मागें पडल्या त्यांच्यावर नापासाचा शिक्का बसला, आणि पुष्कळ ठिकाणीं इतिहास, संगीत व चित्रकला ह्यांचे तास परीक्षेच्या सरावानें गिळले. शेवटीं २०१५ सालीं नवा कायदा करून बराचसा अधिकार संस्थानांकडे परत द्यावा लागला. १९८१ सालीं तर काटकसरीच्या भरांत शेतकी खात्यानें शाळेंतील जेवणाचे नियम असे सैल करूं घातले कीं, चटणी-लोणचें भाजीच्या हिशेबांत धरतां यावें. टोमॅटोच्या केचपाला भाजी म्हणणारें सरकार म्हणून देशभर टिंगल झाली व तो बेत मागें घ्यावा लागला. तेव्हां शाळेचा कारभार गांवच्या लोकांजवळ असावा असें म्हणणाऱ्यांच्या बाजूस अर्थ आहे. कारभार जवळ असावा हें मलाहि मान्य आहे. पण एजवुडचा कारभार जवळच होता. दूर होता तो पैसा.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतों. आजचें शिक्षणखातें १९७९ च्या कायद्यानें, अध्यक्ष कार्टर ह्यांच्या कारकीर्दींत निर्माण झालें. मार्च २०२५ मध्यें त्याच्या सुमारें ४,१०० नोकरांपैकीं जवळजवळ निम्मे कमी करण्याचें जाहीर झालें, आणि २० मार्च रोजीं अध्यक्ष ट्रंप ह्यांनीं कायद्याच्या मर्यादेंत शक्य तितकें तें खातें बंद करण्याची आज्ञा काढली. कायद्यानें जन्मलेलें खातें कायद्यानेंच मोडतां येतें व तो अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तेथील कायदेमंडळाचा. म्हणून नांवाची पाटी राहिली आणि आंतील माणसें गेलीं. १८६७ सालीं त्या देशानें पहिल्यानें शिक्षणखातें काढलें तें देशांतील शाळांची माहिती व आंकडे गोळा करण्यासाठीं. २०२५ च्या कपातींत आंकडे जमविणाऱ्या त्या कचेरींत शंभराच्या आसपास असलेल्या नोकरांपैकीं बोटांवर मोजण्याइतके उरले. कोणतें मूल मागें पडलें हें मोजणारा न उरला म्हणजे कोणी मागें पडलेंच नाहीं असें म्हणणें सोपें होतें. मला ह्या साऱ्या प्रकरणांत हीच गोष्ट सर्वांत भीतिदायक वाटते.

त्याच वर्षीं १ जुलै रोजीं शाळांना मिळावयाचे सुमारें ६.८ अब्ज डॉलर आदल्या दिवशीं एकाएकीं अडकवून ठेवण्यांत आले. स्थलांतर करणाऱ्या शेतमजुरांचीं मुलें, इंग्रजी नव्यानें शिकणारीं मुलें, शिक्षकांचें प्रशिक्षण, शाळा सुटल्यानंतरचे वर्ग ह्यांसाठीं काँग्रेसनें मंजूर केलेला हा पैसा. वीसहून अधिक संस्थानें कोर्टांत गेलीं. अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाच्या दहा सिनेटरांनींहि तो सोडावा म्हणून पत्र लिहिलें. आणि जुलै संपण्यापूर्वीं सर्व रक्कम मोकळी करण्याचें जाहीर झालें. कोणी म्हणेल, शेवटीं पैसा मिळाला ना? पण ज्यानें शाळेचें अंदाजपत्रक एकदां तरी केलें आहे त्याला हा युक्तिवाद पटणार नाहीं. नेमणुका उन्हाळ्यांत होतात. ज्या शिक्षिकेला जुलैंत "थांबा" म्हटलें ती ऑगस्टांत दुसरीकडे गेलेली असते, आणि तिच्या वर्गांतील मुलाला ती कां गेली हें कोणी सांगत नाहीं.

पुढें १ ऑक्टोबर २०२५ पासून मध्यवर्ती सरकारचें कामकाजच ४३ दिवस बंद पडलें. बहुतेक शाळांस त्याची झळ लगेच लागली नाहीं. लागली ती मूळ अमेरिकन जमातींच्या राखीव प्रदेशांतील व लष्करी तळांजवळील शाळांस. ह्या जमिनी मध्यवर्ती सरकारच्या अथवा त्याच्या संरक्षणाखालच्या. त्यांवर स्थानिक कर बसत नाहीं, म्हणून १९५० च्या कायद्यानें ती भरपाई वॉशिंग्टननें द्यावयाची असते, आणि तिचे हप्ते त्या दिवसांत थांबले. तिला मदत असें नांव आहे. मला तें नांव चुकीचें वाटतें. ज्याच्या जमिनीमुळें गांवाचा कर बुडतो त्यानें शाळेला द्यावयाचें तें देणें होय, आणि त्या शरद ऋतूंत वर्ग भरले तेव्हां तें थकलेलें होतें.